पहिल्या पोझिशनचे १६० अंश: चाळिशीत बॅले शिकण्याचे सांगलीतील एक प्रकरण

पार्श्वभूमी

विद्यार्थिनी ४१ वर्षांच्या, सांगलीत विश्रामबागेत राहणाऱ्या, दिवसभर बैठी नोकरी करणाऱ्या. उंची १५६ सेंटिमीटर. वयाच्या आठव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत भरतनाट्यम शिकलेल्या, पुढे लग्न, नोकरी आणि मुलांत ते सुटले ते सुटलेच. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत; मापे, क्रम आणि चुका तशाच ठेवल्या आहेत.

बॅले शिकायचे त्यांनी जानेवारीत ठरवले. सांगली-मिरजेत प्रौढांसाठी नियमित वर्ग त्यांना सापडला नाही, म्हणून ध्वनिचित्रफितींचा एक तयार अभ्यासक्रम घेतला आणि घरच्या हॉलमध्ये, व्हिट्रिफाइड फरशीवर, मोजे घालून सुरुवात केली. आधाराला जेवणाच्या टेबलाची खुर्ची. आठवड्यातून पाच दिवस, रोज ४० मिनिटे.

दहा वर्षांच्या भरतनाट्यमची पुण्याई होतीच. लय पक्की, पाठ ताठ, दम चांगला, आणि मुख्य म्हणजे गुडघे बाहेर उघडून बसायची सवय. पहिल्याच आठवड्यात त्या पहिल्या पोझिशनमध्ये (टाचा जुळलेल्या, बोटे बाहेर) पावले जवळजवळ सरळ रेषेत लावू लागल्या. आरशात ते अगदी चित्रातल्यासारखे दिसत होते. पुढची सगळी गुंतागुंत तिथूनच सुरू झाली.

अडचण कुठे होती

सहाव्या आठवड्यात डावा गुडघा आतल्या बाजूने दुखू लागला. जिना उतरताना जास्त. नेमकी जागा सांध्याच्या रेषेपासून दोन-तीन बोटे खाली. त्याच पायाच्या आतल्या घोट्यामागे सकाळी ताठरपणा, आणि पाऊल ताणले की तळव्यात पेटका. घरच्यांचे म्हणणे, ‘वयाप्रमाणे होणारच.’ त्यांनी स्वतः अंग आखडलेय असे समजून ताण देण्याचे व्यायाम वाढवले. दुखणे वाढले.

मार्चमध्ये मिरजेतल्या फिजिओथेरपिस्टने तपासले. सूज नव्हती, गुडघा अडकत नव्हता, त्यामुळे एमआरआयची घाई केली नाही. पोटावर झोपवून, गुडघा ९० अंशांत दुमडून, मांडीचे हाड खुब्यात बाहेरच्या दिशेने किती फिरते ते मोजले: उजवीकडे ४४ अंश, डावीकडे ३८. मग त्यांना रोजच्यासारखे पहिल्या पोझिशनमध्ये उभे राहायला सांगितले. दोन पावलांमधला कोन १६० अंशांच्या आसपास भरला.

हिशेब साधा आहे. दोन्ही खुब्यांचे मिळून ८२ अंश. नडगीचे हाड मुळातच थोडे बाहेर वळलेले असते, त्याचे दोन्ही बाजूंचे मिळून वीसेक धरा. म्हणजे या शरीराची प्रामाणिक पहिली पोझिशन १०० अंशांच्या जवळपास. उरलेले ६० अंश कुठून येत होते? फरशीवर पाऊल आधी फिरवून रोवायचे आणि मग गुडघा सरळ करायचा, असे चालले होते. सरळ गुडघा जवळजवळ फिरत नाही; तो पीळ गुडघ्याच्या आतल्या बाजूवर येतो, पावलाची कमान आत कोसळते आणि ती उचलून धरणारा घोट्यामागचा स्नायुबंध दिवसभर ओढला जातो. डावा खुबा सहा अंशांनी कमी, म्हणून डावी बाजू आधी बोलली.

यात अरैमंडीच्या सवयीचाही हात होता, पण दोष अरैमंडीचा नाही. अरैमंडीत नर्तक अर्धे बसून त्याच उंचीवर राहतो, पूर्ण पाऊल जमिनीवर आपटतो, आणि गुडघे वाकलेले असल्यामुळे उघडण्याचा बराचसा भार तिथे वेगळ्या तऱ्हेने वाटला जातो. बॅलेत तोच उघडेपणा पाय ताठ असताना, एका पायावर, टाच उचललेली असताना टिकवायचा असतो. शिवाय बसताना कंबर मागे बाक घेत होती. कटीचा भाग असा पुढे कलला की खुब्यासमोरचा जाड अस्थिबंध सैल पडतो आणि पाय जास्त उघडल्याचा भास होतो. कंबर सरळ केली की तो भास जातो आणि पाऊल मात्र तिथेच रोवलेले राहते.

हे सगळे आरशात समोरून दिसत नाही. बाजूने पाहणारा माणूस लागतो, आणि तो त्यांच्याकडे नव्हता.

समोर असलेले पर्याय

पहिला, आहे तेच कमी करून चालू ठेवणे. खर्च नाही, प्रवास नाही. पण चित्रफीत पाठ शिकवते, चूक दाखवत नाही, आणि दुखणे चुकीमुळेच होते.

दुसरा, दर रविवारी पुणे. एका बाजूला सुमारे २३० किलोमीटर, रस्त्याने साडेचार-पाच तास. दीड तासाच्या वर्गासाठी दहा तास बसून काढायचे आणि गाडीतून उतरल्या उतरल्या आखडलेल्या खुब्यांनी वर्ग करायचा. त्यांनी दोन रविवार करून पाहिले. पहिल्या वर्गात मिळालेल्या दुरुस्त्या मोलाच्या होत्या, दुसऱ्या रविवारी मांडीची मागची बाजू धरली.

तिसरा, बॅले सोडून पुन्हा भरतनाट्यमकडे वळणे. फिजिओथेरपिस्टला हा बरा वाटत होता. विद्यार्थिनीला नको होता, आणि अशा बाबतीत ‘नको’ हे कारण पुरेसे मानावे असे आमचे मत आहे. चाळिशीत कोणी नृत्याकडे येते ते आवडीनेच येते.

चौथा, मिश्र मार्ग. महिन्यातून एकदा पुण्यात प्रत्यक्ष वर्ग (शनिवारी रात्री नणंदेकडे मुक्काम, म्हणजे सकाळी अंग मोकळे), दर आठवड्याला त्याच शिक्षकांबरोबर एक तास थेट व्हिडिओवर, आणि गावातल्या एका भरतनाट्यम वर्गाचा हॉल आठवड्यातून दोन संध्याकाळी. शिवाय त्या वर्गाच्या बाईंनी दर वेळी दहा मिनिटे नुसते बघायचे.

चारही पर्याय तोलताना एकच मोजपट्टी लावली: महिन्यात प्रत्यक्ष दुरुस्ती किती वेळा मिळते? पहिल्यात शून्य, पुण्याच्या रविवारांत फार तर चार, मिश्र मार्गात जवळजवळ दर सरावाला काहीतरी. चौथा पर्याय त्यामुळे ठरला.

काय केले: आधी पाऊल कमी उघडले

पहिले तीन आठवडे ग्राँ प्लिए (गुडघे उघडून पूर्ण खाली जाणे) आणि उड्या बंद. पहिली पोझिशन १०० अंशांवर आणली. पुण्याच्या सरांनी त्यासाठी युक्ती दिली: ‘ताई, मोजे घालून गुळगुळीत फरशीवर पावले समांतर ठेवा, गुडघे सरळ, आणि फक्त मांडीच्या मुळातून फिरवा. पाऊल आपोआप जिथे थांबेल तिथे खडूने रेघ मारा.’ गुडघे आधीच सरळ असताना घसरत्या जमिनीवर पाऊल फिरवून रोवता येत नाही, त्यामुळे खोटे अंश मिळतच नाहीत. रेघ ९६ ते १०४ च्या दरम्यान येत राहिली.

पाचवी पोझिशन (एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांशी) पूर्ण बाजूला ठेवून तिसरी घेतली: पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या मध्याशी. प्रौढ नवशिक्यांना हा उतार अपमानास्पद वाटतो. यांनाही वाटला. पण पाचवीत पावले एकमेकांना अडकवून उभे राहता येते, आणि ते अडकवणे हाच रोवण्याचा दुसरा प्रकार आहे.

जोडीला १५ मिनिटांचे ताकदीचे काम, आठवड्यातून तीनदा. कुशीवर झोपून रबरी पट्टा लावून वरचा गुडघा उघडणे, १२ च्या तीन फेऱ्या. पोटावर झोपून टाचा एकमेकींवर दाबणे, पाच सेकंद धरून दहा वेळा. एका पायावर टाच उचलणे, गुडघा सरळ ठेवून. सुरुवातीला डावीकडे नीट झालेले फक्त सहा. नीट म्हणजे भार अंगठा आणि दुसऱ्या बोटाच्या मुळावर, घोटा करंगळीकडे न पडता, टाच दर वेळी तितक्याच उंचीवर. मोजदाद पहिल्या वाकड्या उचलीला थांबायची.

तळव्यातल्या पेटक्याचे कारण वेगळे निघाले. पाऊल ताणताना त्या बोटे आत मुडपत होत्या. टाँद्यूत (पाय सरळ ठेवून पाऊल जमिनीवरून घासत बाहेर नेणे) पाऊल टप्प्याटप्प्याने जमिनीवरून सोडायचे असते: आधी टाच, मग चवडा, शेवटी बोटे, तीही लांब. परतताना उलट क्रम. हे चार मात्रांत संथ केले की पेटके दोन आठवड्यांत गेले. बुटांचीही यात भर होती: मोजे काढून त्यांनी कापडी, दुभंगलेल्या तळाचे बूट मागवले होते आणि ‘थोडी जागा असू दे’ म्हणून एक नंबर मोठे घेतले. बॅलेचा बूट मोज्यासारखा बसायला हवा, बोटे सपाट, पुढे रिकामी जागा नाही. मोठ्या बुटात बोटे तो धरून ठेवायला मुडपतात. त्यांना पूर्ण तळाचे कातडी बूट दिले. तळ वाकवायला पावलाला कष्ट पडतात, आणि नवशिक्याला ते कष्टच हवे असतात.

काय केले: बसणे, हात आणि ‘आणि’

जुन्या नृत्याच्या तीन सवयी सोडवाव्या लागल्या.

प्लिएत त्या तळाशी जाऊन थांबत. अरैमंडी ही मुक्कामाची जागा आहे, प्लिए ही वाट आहे. दोन मात्रांत खाली, तळ आला की त्याच क्षणी वर यायला लागायचे. थांबलेला प्लिए पुढे उडीला काहीच देत नाही.

हात खांद्याच्या रेषेत, कोपर वर, बोटे ताठ. बॅलेत दुसऱ्या पोझिशनचा हात खांद्यापासून मनगटापर्यंत हलका उतरता असतो आणि शरीराच्या किंचित पुढे. हे आठ महिन्यांनीही अधूनमधून बिघडत होते, विशेषतः पाय अवघड झाले की. हरकत नाही, हाताने दुखापत होत नाही, म्हणून तो क्रमवारीत मागे ठेवला.

तिसरी लयीची. भरतनाट्यममध्ये पाऊल समेवर पडते. डेगाजेत (टाँद्यूसारखेच, पण पाऊल जमिनीवरून किंचित उचलले जाते) बऱ्याचदा पाय ‘आणि’वर बाहेर जातो आणि ‘एक’ला आत येऊन मिटतो. लय पक्की असलेल्या माणसाला हे उलट फार खटकते. बाईंनी तोडगा काढला: पाय न हलवता आधी टाळीने ‘आणि-एक’ म्हणायचे, सोळा वेळा. तीनच्या लयीतल्या रचना मात्र पहिल्या दिवसापासून जमल्या. दादरा कानात मुरलेला असला की वॉल्ट्झ परकी वाटत नाही.

काय केले: जमीन आणि दांडा

फरशीखाली काँक्रीट असते आणि ते धक्का अजिबात शोषत नाही. उड्या सुरू करण्याआधी जमीन करणे भाग होते. वर्गाचे दोन हॉल मिळत होते. गावभागातला तळमजल्याचा स्वस्त होता, पण २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कृष्णेचे पाणी कुठवर आले ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते. लाकडाचे काम तिथे करण्यात अर्थ नव्हता. पहिल्या मजल्यावरचा घेतला.

सुतार नाटकांच्या लेव्हल (रंगमंचावरचे लाकडी चौथरे) करणारा मिळाला, त्यामुळे ‘पायाखाली लाकूड किंचित दबले पाहिजे, पण डुलता कामा नये’ हे त्याला एका वाक्यात कळले. रचना अशी: ८ बाय ८ फूट जागा. खाली कडक ईव्हीए फोमचे २५ मिलिमीटर जाड, तीन इंची चौकोनी ८१ तुकडे, एकेका फुटावर. त्यावर १२ मिलिमीटरचे बीडब्ल्यूआर (पाणी बरेचसे सोसणाऱ्या) प्लायचे दोन ८ बाय ४ चे ताव उभे, त्यावर दोन ताव आडवे, म्हणजे खालचा आणि वरचा सांधा एका रेषेत येत नाही. स्क्रू २० मिलिमीटरचे, डोकी बुडवलेली; २५ चा स्क्रू खालून बाहेर येतो. वर २ मिलिमीटरचे मॅट व्हिनाइल, चिकटवलेले नाही, कडेने टेपने बसवलेले. भिंतीपासून १२ मिलिमीटर फट. मजुरीसकट खर्च अठरा हजारांच्या आसपास.

दोन चुका झाल्या. सरावात हात टेकायचा दांडा (सव्वा इंची जीआय पाइप, भिंतीपासून २० सेंटिमीटर) फरशीपासून ९५ सेंटिमीटरवर आधीच बसवला होता. जमीन पाच सेंटिमीटर वर आली आणि दांडा ९० वर गेला. दोन आठवडे त्या दांड्याच्या बाजूला कलून काम करत होत्या आणि कारण कोणाच्या लक्षात येत नव्हते. ब्रॅकेट उचलल्यावर कलणे थांबले. दांड्यावर हात नुसता टेकलेला, शरीराच्या थोडा पुढे, कोपर सैल. मूठ आवळली की समजावे की तोल पायावर नाही. खुर्चीने हीच सवय लावली होती, कारण हलक्या खुर्चीला धरून ठेवावे लागते.

दुसरी चूक प्लायखाली प्लास्टिकचा कागद न घालण्याची. जुलैत ओल धरली, एक कोपरा सहा-सात मिलिमीटर उचलला आणि व्हिनाइलला फुगा आला. तिथेच पाय अडखळला, सुदैवाने टाँद्यूत. सगळे उकलून २०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद अंथरला आणि प्लायच्या कापलेल्या कडांना वॉर्निशचे दोन हात दिले. पुढच्या पावसाळ्यात काही झाले नाही.

व्हिडिओच्या तासाचीही घडी बसायला महिना गेला. एक फोन समोरून कमरेच्या उंचीवर, तीन मीटरवर. दुसरा बाजूने, जमिनीजवळ, फक्त पावलांसाठी. संगीत विद्यार्थिनीच्या बाजूला वाजायला हवे. सरांकडून वाजवले की आवाज आणि चित्र मागे-पुढे होते, आणि लयीत असलेला माणूस चुकलेला दिसतो. सर मोजत नाहीत, संपूर्ण रचना पाहतात आणि नंतर बोलतात. बाईंना त्यांनी चारच गोष्टी बघायला दिल्या: गुडघा दुसऱ्या बोटावर आहे का, कमान पडते का, कंबर बाकते का, टाच उचलल्यावर घोटा करंगळीकडे पडतो का. बॅले येत नसलेल्या पण नृत्य जाणणाऱ्या नजरेला एवढे पुरते.

निर्णयाचे क्षण

उड्या केव्हा? ठरवले होते की टाच-उचल दोन्ही पायांवर नीट होऊ लागल्या की. ते जूनच्या अखेरीस झाले. सुरुवात दांड्याकडे तोंड करून: पहिल्या पोझिशनमध्ये आठ सोते (दोन्ही पायांवर जागच्या जागी उडी), दुसऱ्यात आठ, बस्स. उतरताना बोटे, चवडा, टाच, आणि टाच पूर्ण टेकलीच पाहिजे. मग जमीन बिघडल्याने तीन आठवडे उड्या थांबवल्या. ‘फरशीवर हळू करू’ हा मोह टाळला, ते योग्य झाले.

खरा पेच नोव्हेंबरात आला. त्यांनी कोणाला न विचारता पॉइंट शूज (बोटांच्या टोकांवर उभे राहण्याचे कडक बूट) ऑनलाइन मागवले. सरांनी ‘नाही’ असे सरळ न म्हणता चाचणी घेतली. एका पायावर टाच-उचल उजवीकडे २१, डावीकडे १४. पाऊल पूर्ण ताणून नडगी आणि पावलाच्या पाठीवर पेन्सिल आडवी ठेवली: उजवीकडे सपाट टेकली, डावीकडे घोट्यापाशी खाली फट राहिली, म्हणजे तो घोटा अजून पुरेसा ताणला जात नव्हता आणि बोटांवर उभे राहिल्यावर भार मागे राहिला असता. शिवाय पॉइंट शूज पावलावर बसवून पाहिल्याशिवाय घ्यायचे नसतात. डब्याची (बोटांभोवतीचा कडक भाग) रुंदी आणि शँकचा (तळातली पट्टी) कडकपणा फोटोवरून ठरत नाही. निकष ठरला: दोन्ही पायांवर २५, पेन्सिल दोन्हीकडे सपाट, आणि दोन वर्षे सलग सराव. शूज कपाटात गेले.

परिणाम

गुडघ्याचे दुखणे नवा क्रम सुरू केल्यापासून सातव्या आठवड्यात गेले, घोट्याचे चौथ्या महिन्यात. सप्टेंबरात पाचवी पोझिशन परत आली, टाच आणि बोटांमध्ये दोन बोटांची फट ठेवून. अठरा महिन्यांनी पहिली पोझिशन ११० च्या आसपास. खुबा स्वतः फारसा वाढला नाही. आहे तो कोन ताठ पायावर टिकवण्याची ताकद वाढली. उजवीकडची एक पिरुएट (एका पायावरची गिरकी) भरवशाची, डावीकडची तीनात एक. दर बाजूला सहाच्या वर वळणे घेतली की अजून चक्कर येते, म्हणून सहालाच थांबतात.

अठराव्या महिन्यात भरतनाट्यम वर्गाच्या गुरुपौर्णिमेला त्यांनी दोन मिनिटांची वॉल्ट्झ केली, बालाँसे (झुलती पावले) आणि पोर द ब्राची (हातांच्या चाली). रंगमंच सरावाच्या जागेच्या कित्येक पट मोठा असल्याने त्या मध्यातच गोळा होऊन नाचल्या. आठ फुटांच्या चौकोनात शिकलेल्या पायांना प्रवास माहीत नव्हता.

काय वेगळे करता आले असते

मोजणी पहिल्या आठवड्यात व्हायला हवी होती, सहाव्यानंतर नव्हे. आधी दुसरे नृत्य केलेल्या प्रौढाच्या बाबतीत तर नक्कीच. कोरा नवशिका पाय उघडू शकत नाही म्हणून वाचतो, यांना उघडता येत होते.

जमीन ८ बाय १२ फूट केली असती तर दोन ताव वाढले असते, पण कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणाऱ्या हालचाली शिकता आल्या असत्या. निदान महिन्यातून एकदा बाकांशिवायचे मोठे सभागृह, उड्या वगळून, भाड्याने घेता आले असते.

पॉइंट शूजचे निकष सुरुवातीलाच लिहून दिले असते तर ते पैसे वाचले असते. विद्यार्थिनीच्या मनात ती इच्छा पहिल्या दिवसापासून होती आणि कोणीच विचारले नाही.

डाव्या बाजूला जास्त फेऱ्या द्यायच्या की दोन्हीकडे सारख्या, यावर फिजिओथेरपिस्ट आणि सर यांचे एकमत झाले नाही. वर्षभर सारख्या दिल्या. मग डावीकडे एक फेरी वाढवली आणि डावी बाजू हलली. ती फेरी मार्चपासूनच वाढवायला हवी होती असे आता दोघांनाही वाटते. गुरुपौर्णिमेनंतरच्या आठवड्यातली टाच-उचलींची मोजणी उजवीकडे २५, डावीकडे २०. पेन्सिलखाली डावीकडे अजून किंचित फट राहते. पुढची चाचणी जानेवारीत, दोन वर्षे पूर्ण होताना.